नवी बाईक घेताना घासाघीस नेमकी कुठे करायची (ग्वाल्हेरवाल्यांसाठी मेळ्याच्या हिशोबासकट)

माझ्या भाच्याला, ओंकारला, पहिली नोकरी लागली आणि पहिल्या पगाराच्या आधीच बाईक ठरली. शोरूमला जाताना मला म्हणाला, "आत्या, तू चल, पण मध्ये बोलू नकोस हं, लाज वाटते." मी गणित शिकवते, मला गप्प बसवत नाही, पण म्हटलं बरं. सेल्समन तासभर त्याच्याशीच बोलत होता, मायलेज, पिकअप, ब्लूटूथ, आणि मला फक्त "मैडम, चाय लेंगी?" शेवटी कोटेशन पुढे आलं तेव्हा ओंकारनेच ते माझ्याकडे सरकवलं. त्या एका कागदातून आम्ही ८,४०० रुपये कमी केले आणि गाडीची किंमत मात्र एका रुपयानेही उतरली नाही. कसं ते खाली सांगते.

हे सगळं मला आधीपासून येत होतं असं नाही. २०१४ साली मी स्वतः स्कूटर घेतली तेव्हा कोटेशनची फक्त शेवटची ओळ वाचली होती. आकडा बजेटमध्ये बसला, सही केली, पेढे वाटले. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

आधी हे गोळा करून ठेवा

आधार, पॅन (लोन असेल तर लागतोच), पत्ता आधारवरचा नसेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइजचे चारेक फोटो, आधारला जोडलेला मोबाईल हातात (ओटीपी येतात, फोन घरी विसरलात तर दिवस गेला), लोन असेल तर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा आणि एक कॅन्सल्ड चेक. जुनी गाडी द्यायची असेल तर तिची आरसी, चालू विमा, पीयूसी आणि दोन्ही चाव्या. आणि एक पेन, स्वतःचा. याचं काम पुढे आहे.

१. मॉडेल घरी ठरवा, शोरूममध्ये नाही

टेस्ट राइड घ्या, दोन-तीन गाड्या बघा, सगळं करा, पण त्या दिवशी पैशाचं बोलू नका. "आज बुक केली तरच ही ऑफर" असं दर शोरूममध्ये म्हणतात आणि ती ऑफर पुढच्या मंगळवारीही असते. व्हेरियंट आणि रंग पक्का करून मग भाव करायला बसा, कारण डिस्क ब्रेकवाल्याचं कोटेशन इकडे आणि ड्रमवाल्याचं तिकडे असं घेतलंत तर तुलना होत नाही.

कंपनीच्या वेबसाइटवर शहर टाकलं की एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा धरण्याआधीची) दिसते. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या इंजिनांवर ४० टक्के झाला. म्हणजे एखादा जुन्या किमतीचं पत्रक दाखवून "बघा, आम्ही एवढे कमी केले" म्हणत असेल तर ते त्याने नाही कमी केलेले.

२. किमान तीन कोटेशनं, आणि कागदावर

तोंडी भाव म्हणजे भाव नाही. लेटरहेडवर किंवा निदान व्हॉट्सअॅपवर, ओळीओळीने फोड केलेलं मागा. "सब मिलाके एक लाख बारा" हे कोटेशन नव्हे. फोड द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे फोडीतच काहीतरी आहे असं समजा.

ग्वाल्हेरात एकाच कंपनीचे दोन-तीन डीलर सहज मिळतात, लश्करात एक, मुरारकडे एक. डबरा, मुरैना, दतियाचंही एखादं कोटेशन फोनवर मागवा, तिकडून घेतली नाहीत तरी चालेल, बोलताना उपयोगी पडतं. गल्लीतल्या छोट्या दुकानावर कंपनीची पाटी असते पण तो बरेचदा सब-डीलर असतो, बिल मुख्य डीलरचंच फाटतं आणि याचं मार्जिन मध्ये बसतं. तेव्हा "बिल किसके नाम से बनेगा?" हे पहिल्यांदा विचारायचं.

३. कोटेशन उलटं करा आणि दोन रकाने पाडा

खरं काम हे आहे. ओंकारच्या कोटेशनमध्ये अकरा ओळी होत्या. मी कागद उलटला, पेन काढलं, मध्ये रेघ मारली. डावीकडे लिहिलं "सरकार आणि कंपनी", उजवीकडे "शोरूम". मग एकेक ओळ विचारत गेले, हे कुणाकडे जातं? सेल्समन आधी हसत होता, चौथ्या ओळीला त्याने मॅनेजरला हाक मारली.

डावीकडे काय आलं: एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन फी, थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा). यात घासाघीस होत नाही, करूही नका, वेळ जातो आणि समोरच्याला कळतं की तुम्हाला माहीत नाही. (एक्स-शोरूमवर सूट मिळते कधी कधी, पण ती बहुतेक कंपनीची स्कीम असते किंवा जुना स्टॉक, त्याचं पुढे सांगते.)

उजवीकडे जे आलं ते असं:

हॅंडलिंग चार्ज १,५००. हा कशाचा, विचारलं तर "गाडी गोडाऊन से आती है ना मैडम". अहो, गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. पूर्ण काढला.

टेफ्लॉन कोटिंग १,२००. नव्या कोऱ्या गाडीला पॉलिश. काढलं.

"एसेन्शियल किट" ३,४५०. नावाला भुलू नका, यात सीट कव्हर, टाकीचं कव्हर, ग्रिप, मॅट, क्रॅश गार्ड, साडी गार्ड असं सगळं बांधलेलं होतं. आता साडी गार्डचं ऐका, मागे बसणाऱ्यासाठी धरायला हॅंडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं अर्धं चाक झाकणारं गार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे गाडीबरोबर असलंच पाहिजे. त्याचे वेगळे पैसे म्हणजे घरासोबत दाराचे वेगळे पैसे. आम्ही फक्त क्रॅश गार्ड आणि मॅट ठेवलं, १,२५०. वाचले २,२००.

रोड साइड असिस्टन्स ८५०. हे विम्याच्या अॅड-ऑनमध्ये (मूळ विम्याला जोडायच्या जादा कव्हरमध्ये) आधीच होतं, म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा. काढलं.

एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र आम्ही ठेवली. ओंकार रोज मालनपूरला जातो-येतो, त्याची गाडी पळणार. तुम्ही गावातल्या गावात, बाड्यापासून फुलबागपर्यंतच चालवणार असाल तर विचार करा. कंपनीची वॉरंटी किती वर्षं-किलोमीटरची आहे ते आधी वाचा, आणि वाढीव वॉरंटी बहुतेक कंपन्यांकडे नंतरही ठराविक मुदतीत घेता येते, त्या दिवशीच घ्यायची घाई नसते.

हेल्मेटसाठी पैसे मागत होते. नियम १३८ प्रमाणे दुचाकी विकताना हेल्मेट द्यायचं असतं. "नियमातलं आहे, द्या" एवढंच म्हटलं तर निघतं कुठूनतरी कपाटातून. फक्त आयएसआयचा शिक्का बघा.

आणि "आरटीओ व इतर" अशी एकत्र ओळ असेल तर तिची फोड मागा. मोटरसायकलची रजिस्ट्रेशन फी ३०० रुपये आहे, स्मार्ट कार्ड मिळणार असेल तर त्याचे २००, लोन असेल तर आरसीवर बँकेचं नाव चढवायचे ५००. बाकीचा टॅक्स. वाहन पोर्टलवर भरलेल्या टॅक्सची पावती निघते, ती आम्हाला हवी असं आधीच सांगून टाका, मग "इतर" आपोआप आखडतं. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कंपनीकडूनच येते, तिची वेगळी घसघशीत ओळ दिसली तर तिच्यावरही बोट ठेवा.

४. विमा: पैसे सगळ्यात जास्त इथे सुटतात

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचे दर ठरलेले असतात. १ जून २०२२ च्या दरपत्रकात पाच वर्षांचे ७५ ते १५० सीसीला ३,८५१ आणि १५० ते ३५० सीसीला ७,३६५, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १२५ सीसीच्या गाडीला ४,५४४ च्या आसपास. घेताना चालू दर तेवढा तपासून घ्या. तो कुठल्याही कंपनीकडे सारखाच.

फरक पडतो तो ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि अॅड-ऑनमध्ये. हा भाग एकच वर्षाचा घेता येतो. शोरूमने ९,८०० लावले होते. मी तिथेच बसून फोनवर तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं अॅड-ऑन) टाकून ऑनलाइन काढलं आणि स्क्रीन मॅनेजरला दाखवला. "बाहर का लेंगे तो कैशलेस में दिक्कत आएगी" हे वाक्य येणार, येऊ द्या. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं, हे विमा कंपनी आणि वर्कशॉपच्या करारावर चालतं, पॉलिसी कुठून घेतली त्यावर नाही. विमा कुठूनही घ्यायचा हक्क तुमचा आहे. आम्ही शेवटी त्यांच्याकडूनच घेतला पण ७,१५० ला. घेताना आयडीव्ही कमी करून तर प्रीमियम उतरवला नाही ना, एवढं बघून घ्या.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुमची जुनी बाईक असेल आणि क्लेम घेतलेला नसेल तर नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकल्यावर विमा कंपनीकडून सर्टिफिकेट घेतलं की नव्या बाईकच्या ओन डॅमेजवर तीच सूट लागते, ५० टक्क्यांपर्यंत. तसंच मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून असेल तर पुन्हा घ्यायची सक्ती नाही.

५. मेळा

बाहेरगावच्या मराठी मंडळींना सांगते, आमचा व्यापार मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केला तो जनावरांचा बाजार म्हणून. आता तिथे बैलांच्या जागी बाईकी उभ्या असतात. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे तसं आता कोणी करत नाही, पण खरा आकडा झाकलेला असतो तो असतोच.

मेळ्याचं आकर्षण म्हणजे रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट. मागची बरीच वर्षं ती मिळते आहे, पण दर वर्षी सरकारचं वेगळं नोटिफिकेशन निघावं लागतं आणि कधी मेळा सुरू होऊन आठवडे झाले तरी ते येत नाही. ते यायच्या आधी "सूट तो मिलेगी ही" या भरवशावर टॅक्सचे पैसे भरू नका. बुकिंग करायचंच तर पावतीवर लिहून घ्या की रजिस्ट्रेशन सूट लागू झाल्यावर.

सूट मिळायला गाडी मेळ्यात लावलेल्या डीलरकडूनच घ्यावी लागते आणि पक्कं रजिस्ट्रेशन ग्वाल्हेर आरटीओतच करावं लागतं, म्हणजे एमपी ०७. इंदूर-भोपाळहूनही लोक येतात यासाठी. मोठ्या गाड्यांना यात भरपूर वाचतं, कम्युटर बाईकला काही हजारच, तेव्हा त्या काही हजारांसाठी इंदूरहून येण्यात अर्थ नाही, मेळ्यातली सॉफ्टी खायला आलात तर गोष्ट वेगळी.

सगळ्यात मोठा सापळा असा की डीलर ही सरकारी सूट स्वतःच्या डिस्काउंटमध्ये दाखवतो. "मेला ऑफर ७,००० की छूट" असा बोर्ड, त्यात टॅक्सची सूट धरलेली, आणि इकडे हॅंडलिंग वाढवलेलं. आमच्यावालाही म्हणालाच, "मैडम, आधा टैक्स तो माफ हो गया, अब और क्या कम करें?" मी म्हटलं, "वो तो सरकार ने छोड़ा, आपने क्या छोड़ा?" ओंकार तेव्हा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता.

मेळा जानेवारी-फेब्रुवारीत असतो, त्यामुळे मागच्या वर्षी बनलेला स्टॉक तिथेच संपवायचा प्रयत्न असतो. गाडी डिसेंबरची असली तरी आरसीवर मागचंच वर्ष येणार आणि विकताना तेवढी किंमत उतरणार. घेऊ नका असं नाही, पण मग एक्स-शोरूमवर सूट मागा, इथे ती मिळते. उत्पादनाचा महिना-वर्ष गाडीच्या प्लेटवर आणि फॉर्म २१ वर (डीलरचा विक्रीचा दाखला) असतं.

६. लोन घेणार असाल तर

डीलरला फायनान्स आणि विमा या दोन्हीवर कमिशन असतं, म्हणून "कॅश देतो" म्हटल्यावर सूट वाढेल असं समजू नका, उलट होतं. आधी भाव पक्का करा, मग लोनचं बोला. पहिल्याच मिनिटाला "ईएमआय किती बसेल" विचारलंत की भाव बाजूला राहतो आणि सगळं बोलणं महिन्याच्या आकड्यावर येतं.

फ्लॅट व्याजाचा हिशोब शिकून घ्या. ८०,००० रुपये, दोन वर्षं, "फक्त १० टक्के". फ्लॅट म्हणजे दोन वर्षांचं व्याज १६,०००, एकूण ९६,०००, हप्ता ४,०००. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वर लागतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशोबाने हाच दर वर्षाला साधारण १८ टक्के होतो! ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तो आकडा तुमच्या बँकेच्या दराशी लावून बघा. प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंट चार्ज, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे त्याच कागदात शोधा.

७. जुनी गाडी एक्स्चेंज

नव्या गाडीचा भाव पूर्ण ठरेपर्यंत जुनीचा विषय काढू नका. दोन्ही एकत्र बोललात की एका हाताने देतात आणि दुसऱ्याने काढतात. जुनी देताना फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलण्याचे) कोऱ्या सह्या करून मोकळे होऊ नका, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घाला, फोटो काढा, गाडी दिल्याची पावती घ्या. पुढे चलान आलं तर ज्याच्या नावावर गाडी त्यालाच येतं.

८. बोलायचं कसं

महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत जा, टार्गेट असतात. दुपारी जा, संध्याकाळी आणि रविवारी गर्दीत कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. धनतेरस आणि पाडव्याला मुहूर्ताची डिलिव्हरी हवी असेल तर भाव आठ-दहा दिवस आधीच करून टाका, त्या दिवशी तुम्ही गरजू असता आणि ते त्यांना चांगलं ठाऊक असतं.

सेल्समनशी भांडू नका. पोराचा पगार छोटा असतो आणि त्याच्या हातात फार थोडं असतं, निर्णय मॅनेजरचा. त्याला सरळ सांगा, "या पाच ओळी काढल्या तर आज बुकिंग करतो." आकडा एकच सांगा, आणि सांगून गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड आहे, मला तर खूपच, पण पहिल्यांदा जो बोलतो तो खाली येतो. नाही जमलं तर उठा, कोटेशनचा कागद मात्र घेऊन उठा. आम्ही उठलो होतो. पार्किंगपर्यंत पोचलो आणि फोन आला.

सूट देत नसतील तर पहिल्या सर्व्हिसचं ऑईल, क्रॅश गार्ड असं काहीतरी वस्तूत मागा, ते सोपं जातं त्यांना.

९. पैसे भरताना

बुकिंगची रक्कम छोटी ठेवा आणि कॅन्सल केलं तर किती परत मिळणार ते पावतीवर लिहून घ्या. पैसे डीलरच्या कंपनीच्या खात्यातच, कुणा एक्झिक्युटिव्हच्या यूपीआयवर नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. जे ठरलं ते, काढलेल्या ओळींसकट, मॅनेजरच्या सहीने कोटेशनवरच. माझ्या स्कूटरच्या वेळी "फ्री" म्हटलेली सीट कव्हर अंतिम बिलात ६०० रुपयांनी परत आली होती आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. ऐकतच नसतील तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

१०. डिलिव्हरी

नंबर प्लेट लागल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात द्यायची नाही असा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाच आहे. "चार दिन चला लो, प्लेट आ जाएगी" याला होकार देऊ नका, वाटेत पकडलं तर धावपळ तुमची.

उजेडात बघा. चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा, किलोमीटर बघा, टाकीवर ओरखडे, टायरवर चार आकडे असतात, ३८२५ म्हणजे २०२५ चा ३८ वा आठवडा. दोन चाव्या, टूलकिट, सर्व्हिस बुक, बिल, फॉर्म २१ आणि २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला), विमा, टॅक्सची पावती. हार-नारळ-फोटो हे सगळं या नंतर, आधी नाही, कारण हार घातल्यावर कोणी ओरखडा दाखवत नाही.

११. आरसी आल्यावर

लोन असेल तर आरसीवर बँकेचं नाव असतं आणि लोन फिटलं म्हणून ते आपोआप जात नाही. एनओसी (लोन फिटल्याचं बँकेचं पत्र) आणि फॉर्म ३५ (बँकेचं नाव काढायचा अर्ज) घेऊन काढावं लागतं. माझं लोन २०१६ ला फिटलं, मी कागद कपाटात ठेवला, आणि सहा वर्षांनी स्कूटर विकायला काढली तेव्हा कळलं बोजा तसाच आहे. एनओसीची मुदत गेलेली, फायनान्सवाल्यांचं ऑफिस दुसऱ्या शहरात हललेलं, गिऱ्हाईक निघून गेलं.

आणि नाव तपासा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं एका दमात लिहायची सवय, इथल्या कागदांवर वडिलांचा रकाना वेगळा. ओंकारच्या आधारवर तिन्ही नावं, विम्यात दोन, आणि आरसीत वडिलांचं नाव दोनदा. क्लेमच्या वेळी हेच पुढे येतं, म्हणून विम्यात दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या, आणि आरसीचा डेटा डीलर वाहन पोर्टलवर चढवतो तेव्हाच त्याच्या मागे उभं राहून स्क्रीन वाचा. आमचं काम त्यानंतर दोन चकरांत झालं, दुसऱ्या चकरेला ओंकार स्वतःच म्हणाला, आत्या, तू बोल.